कल्हई आणि विमानाची धूरनळी



आमच्या नाशकांत तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा जुना. तांबट भांडें घडवी. पण कल्हई झाल्यावांचून त्यांत ताक किंवा आमटी ठेवण्यास गृहिणी धजत नसे. आंबट पदार्थ तांब्यांत कळकतात व अन्न विषारी होतें. भांडें तापवावें, नवसागर टाकावा, वर कथील फिरवावें आणि विष दूर ठेवावें, ही विद्या आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. विमानाच्या एंजिनाची धूरनळी, जिला कारागीर एक्झॉस्ट म्हणतात, तिचा इतिहास याच जातीचा आहे.

१९०३ सालीं राइट बंधूंनीं विमान उडविलें, तेव्हां त्यांच्या एंजिनाला धूरनळीच नव्हती. जळका वायु सिलिंडरांतून सरळ हवेंत जाई. पुढें वैमानिक बंद कक्षांत बसूं लागला, तेव्हां तो वायु दूर नेणें अवश्य झालें. कारण त्यांत कार्बन मोनॉक्साइड हें रंग व वास नसलेलें विष असतें. प्रथम साध्या पोलादाची नळी करीत. ती स्वस्त व जोडण्यास सोपी. परंतु सातआठशें अंश सेंटिग्रेडच्या आंचेनें तिचे पापुद्रे सुटतात. कथील तर २३२ अंशांवरच वितळतें. तेव्हां येथें कल्हईचा कांहीं उपयोग नाहीं.

१९१२-१३ च्या सुमारास जर्मनींत व इंग्लंडांत क्रोमियम मिसळलेलें, न गंजणारें पोलाद निघालें. परंतु वेल्डिंगच्या सांध्याजवळ तेंही दगा देई. सुमारें ४५० ते ८५० अंशांच्या उष्णतेंत कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढतो आणि धातूच्या कणांच्या कडा दुबळ्या होतात. त्यावर तोड अशी निघाली, कीं पोलादांत थोडें टायटॅनियम मिसळावें. कार्बन त्याला चिकटतो व क्रोमियम जागच्या जागीं राहतें. दुसऱ्या महायुद्धांत निकेल-क्रोमियमची टंचाई पडली, तेव्हां अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सनें साध्या पोलादावर देण्यासाठीं काचेसारखा भाजलेला लेप सिद्ध केला. तथापि लेपाचा टवका उडाला, कीं खालचें पोलाद उघडें पडतें.

कारखान्यांत धातु पारखणारे पुष्कळ असतात. घरीं विमान बांधणारा एकटा असतो. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या चारकोपांत घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें, २०१६ च्या फेब्रुवारींत तें मुंबईच्या प्रदर्शनांत मांडलें, आणि नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची सरकारी नोंद झाली. अशा साहसांत नळीची निवडही बांधणाऱ्यालाच करावी लागते. तिच्यावर शिसपेन्सिलीची खूण करणेंही वर्ज्य आहे. तापल्यावर तो कार्बन धातूंत मुरतो व तेथेंच चीर पडते.

चिरेचें मोल केवढें? थंडींत वैमानिकाच्या कक्षाला ऊब देणारी हवा पुष्कळदां याच नळीभोंवतीं फिरवून घेतात. २१ जानेवारी २०१९ रोजीं फुटबॉलपटु एमिलियानो साला यांचें लहान विमान इंग्लिश खाडींत कोसळलें. त्यांच्या रक्तांतील तांबड्या द्रव्याचा ५८ टक्के भाग या विषानें व्यापलेला आढळला. वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी, असा चौकशीचा निर्णय झाला.

लेप हा धातूचा सोबती आहे, त्याचा बदली नव्हे. कल्हई उडालेलें भांडें आमच्या आया चुलीपासून बाजूस ठेवीत आणि कल्हईवाल्याची वाट पाहत. गच्चीवर विमान बांधणाऱ्यालाही नियम तोच : नळीला चीर दिसली, कीं त्या दिवशीं उड्डाण नाहीं.