‘डिक्टेट’ : सांगणाऱ्याची सत्ता आणि लिहिणाऱ्याचा हात

१

मध्ययुगीन इटलीतील पत्रलेखनविद्येवरील एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे तपासणीसाठी आला होता. अनुवाद कष्टपूर्वक केलेला होता. तरी एका वाक्यापाशी थबकावे लागले. तेराव्या शतकात बोलोन्या नगरीतील हुकूमशहा विद्यार्थ्यांना पत्रे कशी लिहावीत हे शिकवीत असत, असा त्या वाक्याचा अर्थ होत होता. मुळातला शब्द ‘डिक्टेटर’ हा होता. प्रचलित अर्थ पाहता अनुवादकाला दोष देता येत नव्हता, कारण आज या शब्दाला मराठीत ‘हुकूमशहा’ याखेरीज दुसरा पर्याय सहसा सुचत नाही. मात्र ज्या काळाविषयी तो लेख होता त्या काळी ‘डिक्टेटर’ म्हणजे पत्रे आणि गद्य रचणारा, रचायला शिकवणारा विद्वान होता.

या प्रसंगाने एक प्रश्न मनात राहिला. इंग्रजीत ‘डिक्टेट’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : दुसऱ्याने लिहून घ्यावे म्हणून मजकूर सांगणे आणि दुसऱ्यावर आपली इच्छा लादणे. मराठीत हे दोन अर्थ अगदी वेगळ्या वस्त्यांत राहतात. एकीकडे श्रुतलेखन आणि लेखनिक, तर दुसरीकडे हुकूम आणि हुकूमशहा. त्यामुळे रचना आणि सत्ता यांच्यातील जो संबंध इंग्रजी वाचकाला शब्दातच ऐकू येतो, तो मराठी वाचकापर्यंत पोहोचत नाही. हा संबंध कसा घडला, तो अपरिहार्य आहे काय आणि आपल्या भाषांत त्याला समांतर असे काही आढळते काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

लॅटिनमधील ‘डीकेरे’ म्हणजे बोलणे. त्यापासून पुनरावृत्ती आणि आग्रह सुचविणारे ‘डिक्टारे’ हे क्रियापद झाले. पुन्हा पुन्हा सांगणे, म्हणून लिहून घेण्यासाठी सांगणे, म्हणून बजावणे, असा त्याचा अर्थविस्तार आहे. या क्रियापदाच्या वापराचे एक बोलके उदाहरण होरेसच्या ऑगस्टसला उद्देशून लिहिलेल्या पद्यपत्रात आहे. लिव्हियस अँड्रोनिकसची जुनी कविता लहानपणी ऑर्बिलियस या शिक्षकाने आपल्याला सांगितली, असे तेथे तो म्हणतो आणि त्या शिक्षकाला मारकुटा हे विशेषण लावतो. मजकूर सांगणे आणि छडी उगारणे या दोन गोष्टी रोमन शाळेतच शेजारी बसलेल्या दिसतात. आपल्याकडे शुद्धलेखन घातलेल्या कोणत्याही पिढीला हे शेजारपण समजावून सांगावे लागणार नाही.

‘डिक्टेटर’ हे रोमन प्रजासत्ताकातील पद मात्र शाळेतून आलेले नाही. राज्यावर संकट आले असता एका व्यक्तीला जास्तीत जास्त सहा महिने सर्वाधिकार दिले जात. या पदाची व्युत्पत्ती सांगताना व्हारो दोन गोष्टी एकत्र आणतो : ज्याचे नाव कॉन्सल उच्चारतो तो, आणि ज्याचे बोलणे सर्वांनी ऐकावयाचे असते तो. म्हणजे प्रथम त्याच्याविषयी दुसरा बोलतो आणि मगच तो इतरांशी बोलू लागतो. जुन्या पद्धतीचे हे पद इ. स. पू. २०२ नंतर वापरले गेले नाही. इ. स. पू. ८२ मध्ये सुल्लाने ते पुनरुज्जीवित केले ते कालमर्यादा झुगारून, आणि इ. स. पू. ४४ मध्ये सीझर तहहयात ‘डिक्टेटर’ झाला. त्याच वर्षी त्याचा वध झाल्यावर हे पदच कायद्याने रद्द करण्यात आले.

याच सीझरच्या तोंडी सुएटोनियसने घातलेला एक उद्गार आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुल्लाने सर्वाधिकार आपण होऊन सोडून दिले, याचा अर्थ त्याला मुळाक्षरेही येत नव्हती, अशा आशयाचा तो उद्गार आहे. अभ्यासकांनी या विनोदाचा एक अर्थ असा लावला आहे की, मजकूर सांगणे आणि ‘डिक्टेटर’ असणे यांवरील ही कोटी आहे. ज्याला अक्षरे येत नाहीत तो सांगणार काय? ही कोटी करणारा पुरुष स्वतः अनेक लेखनिकांना एकाच वेळी पत्रे सांगत असे, अशी ख्याती प्लिनी आणि प्लूटार्क या दोघांनीही नोंदवली आहे. म्हणजे दोन अर्थांचे नाते पुढच्या व्युत्पत्तिकारांनी शोधून काढलेले नाही. प्राचीन रोममधल्या माणसालाही ते ऐकू येत होते.

त्याच वेळी ऐकू न येणारी एक बाजू लक्षात घेतली पाहिजे. रोमन श्रीमंतांचा मजकूर लिहून घेणारे बहुधा गुलाम असत. इंग्रजीत लेखनिकासाठी आजही वापरला जाणारा ‘अमॅन्युएन्सिस’ हा शब्द ‘हाताचा गुलाम’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दसंहतीतून आला आहे. सिसरोचा लेखनिक टिरो हा गुलाम होता. इ. स. पू. ५३ मध्ये त्याला मुक्त करण्यात आले आणि लघुलेखनाची एक प्रदीर्घ परंपरा त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शब्द एकाचे आणि हात दुसऱ्याचा, ही विभागणी येथे स्वामी आणि दास यांची विभागणी आहे. या पार्श्वभूमीवर रोमकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्रातील सोळाव्या अध्यायात अचानक लेखनिक स्वतः बोलतो, आपले नाव तर्तियस असे सांगतो आणि स्वतःचा नमस्कार कळवतो, ही गोष्ट लहान असली तरी असाधारण आहे.

३

मध्ययुगात लेखन हे हाताचे काम आणि रचना हे वाणीचे काम, अशी समजूत दृढ झाली आणि ‘डिक्टारे’ या क्रियापदाला ‘रचणे’ हा अर्थ प्राप्त झाला. अकराव्या शतकात माँटे कसिनोच्या मठातील आल्बेरिकपासून बाराव्या-तेराव्या शतकांतील बोलोन्यापर्यंत पत्ररचनेचे जे शास्त्र विकसित झाले त्याला ‘आर्स डिक्टामिनिस’ म्हणत. बोनकोम्पान्यो आणि ग्विदो फाबा हे या शास्त्राचे नामांकित आचार्य. राजे, पोप आणि नगरसभा यांचा व्यवहार या आचार्यांनी घडवलेल्या साच्यांतून चाले. दान्तेने लोकभाषेतील वक्तृत्वाविषयीच्या आपल्या लॅटिन ग्रंथात सर्वोच्च शैलीच्या लेखकांसाठी हाच ‘डिक्टेटर’ शब्द वापरला आहे. ‘पुर्गातोरियो’च्या चोविसाव्या सर्गात तर तो स्वतःला लेखनिकाच्या जागी बसवतो, प्रेम आत बोलते आणि आपण टिपून घेतो, असे तेथे तो म्हणतो. सांगणाऱ्याचे अधिकारपद कवीने येथे स्वतःकडे ठेवलेले नाही.

जर्मन भाषेत हा प्रवास सर्वांत दूर गेला. ‘डिक्टारे’वरून तेथे ‘डिख्टेन’ म्हणजे काव्य रचणे आणि ‘डिख्टर’ म्हणजे कवी हे शब्द रूढ झाले. डच आणि स्वीडिश भाषांतील कवीवाचक शब्दही याच कुळातले आहेत. एझ्रा पाउंडने ‘ए बी सी ऑफ रीडिंग’ (१९३४) या पुस्तकात ‘डिख्टेन’चा संबंध घनतेशी जोडून काव्य म्हणजे घनीकरण असा सिद्धान्त मांडला. घन या अर्थाचा जर्मन शब्द उच्चाराने सारखा असला तरी कुळाने वेगळा आहे. चुकीच्या व्युत्पत्तीवरही चांगला काव्यविचार उभा राहू शकतो, एवढाच याचा बोध घ्यावा.

४

इंग्रजीत हे कुळ दोन वाटांनी आले. फ्रेंचच्या वाटेने आलेले शब्द ओळखू न येण्याइतके झिजले : छोट्या गीताला ‘डिटी’, रचण्याला ‘इंडाइट’ आणि लेखी आरोप ठेवण्यालाही त्याच उच्चाराचा शब्द. या शेवटच्या शब्दाच्या लिखित रूपात विद्वानांनी पुढे लॅटिनच्या आदरापोटी ‘सी’ हे अक्षर घातले, उच्चार मात्र जुनाच राहिला. गीत आणि आरोपपत्र ही एका मुळाची फळे आहेत, हे इंग्रज वाचकालाही सहसा जाणवत नाही. ‘डिक्टेट’ हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस थेट लॅटिनमधून आले आणि मजकूर सांगणे व फर्मावणे हे दोन्ही अर्थ बरोबर घेऊन आले. नाम म्हणून ते विवेकाचे किंवा सदसद्‌बुद्धीचे ‘डिक्टेट्स’ अशा प्रयोगांत रुळले. येथे आज्ञा आहे, पण आज्ञा देणारा माणसाच्या आतच आहे.

या शब्दाचे सर्व अर्थ एका आयुष्यात एकत्र आलेले पाहावयाचे तर मिल्टनकडे वळावे लागते. १६४९ पासून तो प्रजासत्ताकाचा परभाषासचिव होता. परराष्ट्रांना पाठवावयाची लॅटिन पत्रे रचणे हे त्याचे काम. राजाच्या देहदंडाचे त्याने जाहीर समर्थन केले. १६५२ पर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली आणि ‘पॅरडाइज लॉस्ट’ (१६६७) हे महाकाव्य त्याने मिळेल त्या लेखनिकाला सांगून पूर्ण केले. त्या काव्याच्या नवव्या सर्गाच्या आरंभी तो ‘डिक्टेट’ हेच क्रियापद वापरतो, पण त्याचा कर्ता तो स्वतः नाही. दिव्य देवता झोपेत आपल्याला काव्य सांगते, अशी त्याची भूमिका आहे. रात्री ऐकणारा आणि सकाळी सांगणारा असा हा कवी दोन्ही जागी बसलेला आहे.

पण या चित्राला तिसरी बाजूही आहे. मिल्टनने मुलींकडून स्वतःला न कळणाऱ्या भाषांतील ग्रंथ मोठ्याने वाचून घेतले, असे त्याच्या भाच्याने, एडवर्ड फिलिप्सने, नोंदवले आहे. पुढील काळातील चित्रकारांनी अंध पित्याच्या पायाशी बसून महाकाव्य लिहून घेणाऱ्या कन्यांची भावपूर्ण चित्रे काढली. वाचणाऱ्या मुलींना अर्थ कळत नसल्याची ही नोंद मात्र त्या चित्रांत मावत नाही. अत्याचारी राजसत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाच्या घरातली ही हकीकत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लेखनिकाची जागा यंत्राकडे जाऊ लागली. १९०७ मध्ये ‘डिक्टाफोन’ हे व्यापारी नाव नोंदले गेले, आणि त्याच वर्षी थिओडोरा बोझान्केट ही हेन्री जेम्सची टंकलेखिका झाली. मनगटाच्या दुखण्यामुळे जेम्स १८९७ पासून कादंबऱ्या सांगून लिहवीत असे. बोझान्केटने १९२४ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. तर्तियसच्या एका ओळीनंतर लेखनिकाला स्वतंत्र पुस्तिका मिळाली, असे म्हणता येईल.

५

एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘डिक्टेटर’ हे पद सन्मानानेही मिरवले जात असे. १८२४ मध्ये पेरूत बोलिव्हारने आणि १८६० मध्ये सिसिलीत गॅरिबाल्डीने ते धारण केले. ते केवळ निंदावाचक झाले ते दोन महायुद्धांच्या दरम्यान. जर्मनांनी १९१९ च्या व्हर्साय तहाला ‘डिक्टाट’ म्हणून हिणवले आणि तो शब्द त्याच रूपात इंग्रजीत शिरला. कवी आणि विचारवंत यांचा, म्हणजे ‘डिख्टर’ लोकांचा देश असे अभिमानाने सांगणाऱ्या त्या देशात १९३३ पासून जे घडले ते सर्वज्ञात आहे. १९४० मध्ये चॅप्लिनच्या चित्रपटाने या शब्दाला जगभर एक चेहरा दिला.

भारतात मात्र याच वर्षांत हा शब्द वेगळ्या अर्थाने फिरत होता. १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात काँग्रेसने गांधीजींकडे सर्व कार्यकारी अधिकार सोपवले. १९३० च्या कायदेभंगात समित्या बेकायदा ठरू लागल्यावर एका ‘डिक्टेटर’ला अटक होताच दुसऱ्याने ती जागा घ्यावी अशी व्यवस्था झाली, या मालिकेत स्त्रियाही होत्या. हैदराबाद संस्थानातील १९३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहातील नेत्यांना ‘सर्वाधिकारी’ म्हणत. संकटकाळापुरता, मुदतीचा आणि तुरुंगाकडे जाणारा हा अधिकार सीझरपेक्षा जुन्या रोमन कल्पनेला अधिक जवळचा होता. या संदर्भात ‘हुकूमशहा’ हा शब्द घातला तर इतिहासच उलटा होतो.

६

आपल्या भाषांकडे पाहता रचना आणि सत्ता यांचे नाते सर्वस्वी अनोळखी नाही. संस्कृतातील ‘शास्’ या धातूपासून शासन, शास्त्र आणि शिष्य हे तिन्ही शब्द येतात. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त शासनाधिकार या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे, ते राजाज्ञांच्या लेखनाविषयी असून लेखकाच्या ठिकाणी अमात्याचे गुण असावेत अशी तेथे अपेक्षा आहे. हेमाद्रीच्या नावाने चालत आलेले ‘मेस्तक’ हे मराठी पत्रव्यवहाराचे शास्त्र बोलोन्यातील शास्त्राशी ताडून पाहण्याजोगे आहे. मराठीतील ‘सांगणे’ या साध्या क्रियापदात तर मजकूर सांगणे, काम सांगणे, पुराण सांगणे आणि भविष्य सांगणे हे सारे सामावते. जो केवळ ऐकतो त्याला आपण ‘सांगकाम्या’ म्हणतो, आणि त्या शब्दात कौतुक नसते.

आपल्या परंपरेतील लेखनिक मात्र सहसा सांगकाम्या नाही. व्यास आणि गणेश यांची कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेबाहेर ठेवली आहे, पण लोकमानसातून ती गेलेली नाही. थांबणार नाही, ही गणेशाची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची. येथे सांगणारा लिहिणाऱ्याकडून आज्ञापालनापेक्षा आकलन मागतो. ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचे नाव लेखक म्हणून आदराने येते. बाळाजी आवजी चिटणिसांनी लिहायचे राहिलेले पत्र कोऱ्या कागदावरून शिवाजी महाराजांना घडाघडा वाचून दाखविले, ही आख्यायिका ऐतिहासिक नसली तरी तिच्यातील समजूत स्पष्ट आहे : आज्ञा राजाची, रचना चिटणिसाची.

याच्या उलट टोकाला बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आहेत. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची गाणी घरातील माणसांनी टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. येथे सांगणारीकडे कोणतीही सत्ता नाही. काय टिकणार हे साक्षर हातावर अवलंबून आहे. मध्ययुगीन अर्थाने बहिणाबाई ‘डिक्टेटर’ ठरतात आणि आधुनिक अर्थ त्यांना लावताच तो हास्यास्पद होतो. म्हणून सांगण्यात सत्ता असतेच, असे व्युत्पत्तीच्या आधारे म्हणता येणार नाही. सत्ता कोठे आहे हे लिहिणाऱ्याला कळण्याचा, विचारण्याचा आणि आपले नाव नोंदविण्याचा किती अवकाश आहे यावरून ठरवावे लागते. टिरो, तर्तियस, मिल्टनच्या मुली आणि चिटणीस यांची तुलना या एका कसोटीवर करता येते.

अनुवादकापुरते बोलायचे तर एका शब्दाला एक प्रतिशब्द ही सवय येथे सोडावी लागेल. रोमन पदासाठी आणि १९३० च्या सत्याग्रहींसाठी ‘सर्वाधिकारी’, मध्ययुगीन आचार्यांसाठी ‘पत्ररचनाकार’, विसाव्या शतकातील राज्यकर्त्यांसाठी ‘हुकूमशहा’ आणि मिल्टनच्या देवतेसाठी ‘सांगणे’ अशी योजना सुचवावीशी वाटते. त्या अनुवादातील वाक्याच्या समासात प्रस्तुत लेखकाने तेव्हा केवळ प्रश्नचिन्ह काढून ते परत पाठविले होते. अनुवादकाला कारण कळवायचे राहून गेले. ते येथे नोंदविले आहे.