३८६ची गोष्ट आणि आमचा ठराव

आमच्या गटाला मिळालेल्या जुन्या संगणकावर हिशोबाचा नवा प्रोग्राम काही चढेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "बिघडलाय, भंगारात द्या." बचतीतून नवा घ्यायचा ठरावही आम्ही लिहिला. तेवढ्यात एकीने विचारलं, "बिघडलाय, तर जुना हिशोब रोज कसा उघडतो?" उत्तर शोधता शोधता आम्हाला हा इतिहास कळला.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला ठरावीकच आज्ञा कळतात. नवा प्रोसेसर जुन्या आज्ञा पाळतो, वर चार नव्या शिकून येतो. प्रोग्राममध्ये त्या नव्या आज्ञा असल्या की जुना प्रोसेसर अडतो.

इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर १९८५चा. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६च्याच संगणकावर लिनक्स लिहायला घेतलं. त्याआधी १९८९ मध्ये ४८६ आला होता. त्यात एक आज्ञा जास्तीची होती: आधीचा आकडा तपासायचा आणि जुळला तरच बदलायचा, तेही एका दमात. दोघींनी एकाच वेळी एकाच पासबुकात नोंद केली तर काय गोंधळ होतो, ते आपल्याला ठाऊक आहे! तो टाळणारी ही आज्ञा ३८६ला येत नव्हती. त्याच्यासाठी वेगळी जुळणी सांभाळावी लागे. अखेर फेब्रुवारी २०१३च्या लिनक्स ३.८ मधून ३८६ वगळला. ज्या घरात जन्म झाला, त्यालाच कुलूप! आम्हाला वाईट वाटलं. पण जुळणी सांभाळणाऱ्यांची दमछाकही समजली.

लिनक्सवर उभ्या असलेल्या, फुकट मिळणाऱ्या डेबियनने तर ३८६ला २००५ मध्येच सोडलं होतं. २०१७ मध्ये पहिले पेंटियमही सोडले. गंमत म्हणजे ३२ बिटांच्या पॅकेजांच्या विभागाचं नाव तिथे अजून 'आय३८६'च आहे. चिंच पडली तरी 'चिंचेचा थांबा' म्हणतातच ना! ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३ने मात्र ३२ बिटांच्या संगणकावर नव्याने बसवायची सोयच काढली.

आमचा संगणक ३२ बिटांचा पेंटियम ४. बिघाड काहीच नव्हता. नवा प्रोग्राम फक्त ६४ बिटांसाठी बांधलेला होता. कॉलेजात जाणाऱ्या एका सदस्येच्या मुलीने २०२३चं डेबियन १२ त्यावर बसवलं. उघडायला वेळ घेतो, पण कर्जखात्याचे तक्ते त्यावर होतात. त्याचीही डागडुजी कधीतरी थांबेल, म्हणून ठराव खोडला नाही, पुढच्या वर्षावर ढकलला. आता दुकानात गेलो की किमतीआधी प्रोसेसर विचारतो.