न केलेली सही

१९५३ च्या ऑगस्टनंतर मोरोक्कोतली माणसे रात्री गच्चीवर जाऊन चंद्राकडे टक लावून बघत. तिथे आपल्या हद्दपार सुलतानाचा चेहरा दिसतो, असे एकमेकांना सांगत. ही हकिगत मी प्रथम वाचली तेव्हा भाबडेपणा म्हणून हसलो होतो. पुढे त्या सुलतानाची गोष्ट कळली आणि हसू मावळले.

१९१२ च्या फेज इथल्या तहाने मोरोक्को फ्रान्सचे ‘संरक्षित राज्य’ झाला. उत्तरेचा पट्टा स्पेनकडे गेला. गादीवर सुलतान, कारभार मात्र फ्रेंच रेसिडेंट जनरलचा. आपल्या संस्थानांचा इतिहास ठाऊक असलेल्यांना ही तऱ्हा नवी नाही. १९२७ मध्ये गादी रिकामी झाली, तेव्हा फ्रेंचांनी थोरल्या भावांना डावलून १८ वर्षांच्या मोहम्मदला निवडले. पोरगा मवाळ आहे, सांगू तिथे सही करील, हा हिशेब.

पण त्या सहीतच मेख होती. सुलतानाच्या सही-शिक्क्याशिवाय फर्मान निघत नसे. १९४४ मध्ये इस्तिकलाल पक्षाने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. १९४७ मध्ये टँजिअरच्या भाषणात सुलतानाने फ्रान्सच्या स्तुतीचे ठरलेले वाक्य गाळले. मग फर्माने सहीवाचून पडून राहू लागली. हाती ना फौज ना खजिना. नकार तेवढा त्याचा स्वतःचा होता. १९५१ मध्ये दडपणाखाली त्याला एकदा नमते घ्यावे लागले, हेही सांगायला हवे.

अखेर मराकेशचा पाशा अल् ग्लावी याला हाताशी धरून फ्रेंचांनी २० ऑगस्ट १९५३ रोजी, बकरी ईदच्या तोंडावर, सुलतानाला मुलांसह विमानात बसवून कॉर्सिकाला धाडले. तिथून मादागास्करला. गादीवर बेन अराफा हा वयस्क नातलग बसवला. मशिदींत त्याच्या नावाने प्रार्थना करायला लोक तयार होईनात. सप्टेंबरात रबातमध्ये अल्लाल बेन अब्दुल्ला नावाचा माणूस सुरा घेऊन त्याच्यावर धावून गेला आणि जागीच मारला गेला. शहरांत बॉम्ब फुटू लागले. नोव्हेंबर १९५४ मध्ये शेजारच्या अल्जीरियातही युद्ध पेटले. दोन आघाड्या फ्रान्सला झेपेनात.

नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याच ग्लावीने सुलतानापुढे गुडघे टेकून क्षमा मागितली. १६ नोव्हेंबरला सुलतान मायदेशी परतला आणि २ मार्च १९५६ रोजी फ्रान्सने मोरोक्कोचे स्वातंत्र्य मान्य केले.

त्यानंतर सत्ता राजवाड्याभोवतीच एकवटली, हेही खरे. म्हणून एकट्या राजाला श्रेय द्यायला मी तयार नाही. फ्रेंचांनी त्याला दूर नेले आणि लोकांनी त्याची जागा रिकामी ठेवली, दुसऱ्या कुणाला बसू दिले नाही. मोरोक्कोत २० ऑगस्ट हा दिवस ‘राजा आणि जनता यांची क्रांती’ म्हणून पाळतात. त्या नावातला ‘आणि’ मला सर्वांत मोलाचा वाटतो.