शब्दवेध : हॅश

परवलीच्या शब्दाचा ‘हॅश’ उलटवून मूळ शब्द कसा काढावा, असे संगणकविद्येचा नवशिका विद्यार्थी जेव्हा मोठ्या उत्कंठेने विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर त्या संज्ञेच्या व्युत्पत्तीतच दडलेले आहे, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे. फ्रेंच भाषेत ‘आश’ म्हणजे कुऱ्हाड. त्यावरून ‘आशे’ म्हणजे बारीक चिरणे, आणि तेच क्रियापद इंग्रजीत येऊन ‘हॅश’ झाले. आपला फारसीतून आलेला ‘खिमा’ हा अर्थाने त्याचा सख्खा भाऊ. खिम्यावरून बोकड पुन्हा उभा राहत नाही. म्हणूनच परवलीचा शब्द फोडणारा उलट वाटेने जातच नाही. ‘पुणे१२३’सारखे संभाव्य शब्द एकामागून एक घेऊन, त्यांचा त्याच रीतीने खिमा करून, दप्तरी नोंदलेल्या खिम्याशी तो ताडून पाहतो.

यावर रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या युनिक्सविषयक निबंधात वर्णिलेला उपाय मला फार सुंदर वाटतो : प्रत्येक शब्दात १२ बिटांचे यादृच्छिक ‘मीठ’ मिसळावे, म्हणजे एकच शब्द ४,०९६ निरनिराळ्या रूपांनी नोंदला जाऊ शकतो आणि संभाव्य शब्दांच्या हॅशची आगाऊ सिद्ध केलेली यादी बहुतांशी निरुपयोगी ठरते. हे मीठ गुप्त नसते. ते हॅशच्या शेजारीच उघडपणे लिहून ठेवलेले असते.