आज्ञापत्र : तपशील किती द्यावा?

१/ इ. स. १७१४. पन्हाळ्यावर सत्तांतर झाले. महाराणी ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांना दूर सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. वय जेमतेम सोळा. साताऱ्यास शाहू महाराजांची गादी, कोल्हापूरकरांची पन्हाळ्यास, राज्य दुभंगलेले. या तरुण छत्रपतींच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभाराचा जो आराखडा सिद्ध केला, तोच 'आज्ञापत्र' म्हणून ओळखला जातो.

२/ पंत शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतले. राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा 'हुकमतपनाह' या किताबानिशी महाराष्ट्राचा कारभार त्यांनी सांभाळला. १७०१ मध्ये पन्हाळा औरंगजेबाच्या हाती गेला, तोही त्यांच्याच हयातीत. सांगण्यासारखे पुष्कळ होते. प्रश्न होता, किती सांगावे?

३/ सर्वच बारकावे लिहावेत, तर महत्त्वाचे त्यात हरवते. मोघम लिहावे, तर अंमलदाराच्या हाती काही लागत नाही. आज मोठ्या संस्थांच्या कारभाराचे आराखडे मांडणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. पंतांनी सर्व विषयांना एकच माप लावले नाही.

४/ सावकारांचे प्रकरण आटोपशीर आहे. त्यांच्यामुळे व्यापार वाढतो, संकटकाळी कर्ज मिळते, म्हणून त्यांचा मान राखावा, हे तत्त्व सांगून पंत पुढे जातात. येथे प्रसंग पाहून वागण्यास वाव आहे आणि झालेली चूक सुधारताही येते.

५/ दुर्गांचे प्रकरण मात्र विस्तृत आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. एका झऱ्यावर विसंबू नये. टाकी खोदून साठा राखावा. एकच दरवाजा असणे हा दोष मानावा. केर गडाखाली न टाकता जाळावा, राख परसात घालून भाजीपाला करावा. इतका बारकावा का? वेढा पडल्यावर पाणी शोधता येत नाही.

६/ आरमाराच्या लाकडाबाबतही तसेच. आंबा, फणस यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. तोडलेले झाड परत उभे राहत नाही.

७/ आणखी एक विशेष: आज्ञेसोबत कारण दिलेले असते. झऱ्यावर का विसंबू नये? लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात म्हणून. दरवाजे किती? एक, दोन वा तीन. गड पाहून ठरवावे. कारण ठाऊक असलेला किल्लेदार नव्या जागीही योग्य निर्णय घेऊ शकतो.

८/ आज्ञापत्राने राज्याची फूट सांधली नाही. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर ही वाटणी पक्की झाली. तरीही पन्हाळ्याची तटबंदी पाहताना हा ग्रंथ आठवावा. पंतांची कसोटी त्यातून स्पष्ट दिसते: जेथे चूक भरून काढता येते, तेथे तत्त्व पुरे, जेथे ती भरून निघत नाही, तेथे पाण्याच्या टाक्यापर्यंत सारे लिहावे.