अडकित्ता, पायताण आणि सूप

संग्रहालय म्हटले की राजांच्या तलवारी, भग्न मूर्ती, ताम्रपट आणि काचेच्या कपाटातील नाणी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. घरातला लोटा पाहण्यासाठी कोणी तिकीट काढून जाईल, ही कल्पनाच पुष्कळांना हास्यास्पद वाटते. परंतु १९५८ साली भारत सरकारच्या सांगण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने जो अहवाल लिहिला, त्यात भारतातील सुंदर वस्तूंमध्ये अग्रमान मिळाला तो या लोट्यालाच. तो कमरेवर वा डोक्यावर कसा बसतो, भरलेला व रिकामा असता त्याचा तोल कसा राहतो, त्यातून पाणी कसे पडते, याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. त्याचा कर्ता कोणी एक नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडविला, हे त्यांचे म्हणणे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली निघाली ती याच अहवालाच्या आधारावर.

आपल्याकडे ही दृष्टी त्याहूनही जुनी आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी, १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागे लागले. समया, लामणदिवे, कुंकवाचे करंडे, टाच घासण्याच्या वज्र्या, फण्या, कोरीव दरवाजे, वाद्ये. जे माजघरात आणि परसात वापरले गेले ते त्यांनी गावोगाव हिंडून जमविले. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि तो सगळा संग्रह शेवटी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तूंच्या त्या पुण्यातील संग्रहात अडकित्त्यांपुढे मनुष्य हटकून थबकतो. कोणी पोपटाच्या आकाराचा, कोणी घोड्याच्या, कोणी मिथुनाच्या. सुपारी कातरण्यास यांतले काहीच आवश्यक नव्हते. आवश्यक नसलेल्या गोष्टीवर आपल्या पूर्वजांनी एवढे श्रम घ्यावेत, यात मला त्यांची रसिकता दिसते.

आणि हा अडकित्ता शब्द आला कोठून? कन्नडात सुपारीला अडिके म्हणतात आणि सुरीला कत्ति. आपल्या पानाच्या तबकातली ही अगदी घरची वस्तू नाव मात्र शेजारच्या घरचे घेऊन आली आहे. बेळगाव-निपाणीकडच्या श्रोत्यांना याचे नवल वाटणार नाही. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या रेषेविषयीचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. मराठी माणसाचे त्यामागचे दुःख खरे आहे आणि ते मी हलके करू इच्छीत नाही. परंतु वस्तूंचा इतिहास या रेषेने कापला जात नाही, हेही तितकेच खरे.

पायताणाचेच पहा. ज्याला जग कोल्हापुरी चप्पल म्हणते ते पायताण निपाणी, अथणी या बाजूलाही पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहे. कातडे कमवावयास बाभळीची साल आणि हिरडा, शिवावयास कातड्याचीच वादी; जुन्या पद्धतीत खिळा नाही. तळ कापणे व कमावणे बहुधा पुरुषांकडे. वेणी विणणे, शिवण घालणे बायकांकडे. कापशी, कुरुंदवाडी अशी त्यांची नावे गावांवरून पडली. २०१९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपूर या आठ जिल्ह्यांना मिळून. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे येथे एकत्र आली, ही गोष्ट सीमावादाच्या गदारोळात फारशी कोणी बोलून दाखविली नाही. पुढे जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात याच घाटाचे पायताण मूळचा उल्लेख न करता मांडले, तेव्हा मात्र सर्वांचा अभिमान एकदम जागा झाला! टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. परंतु ज्याने ते शिवले त्याच्या आरीची आणि रापीची जागा कोणत्या कपाटात आहे?

कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांचे सबंध गावच पुतळ्यांतून उभे केले आहे. मुलांनी ते अवश्य पाहावे. मला मात्र ते गाव जरा अधिकच सुखी वाटते. निपाणीच्या वस्तू मांडावयाच्या झाल्या तर एवढे सुख पुरणार नाही. तेथे एक सूप ठेवावे लागेल; बिडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवरचे. त्यात टेंभुर्णीची पाने, पान कापण्याचा पत्र्याचा साचा, कात्री, दोऱ्याचे रीळ आणि चिमूटभर तंबाखू. साच्यावर पान कापणे, भरणे, वळणे, टोके मुडपणे, दोरा गुंडाळणे. त्या पाच हालचालींची लय कोणत्याही कलावंताने हेवा करावा अशी. आणि शेजारी छाट म्हणून बाजूला टाकलेली बिडी ठेवावी, कारण तिचे श्रम झालेले असत आणि मजुरी मात्र नसे. वखारींतल्या तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगलोर महामार्गावर बसले आणि गोळीबारात प्राणांस मुकले. हा सगळा इतिहास त्या सुपापासूनच सांगता येतो.

यासाठी मोठी इमारत नको. आपल्या भागात जुनी वाचनालये आहेत, शाळा आहेत. एक खोली आणि मराठी-कन्नड अशा दोन्ही लिपींत लिहिलेल्या चिठ्ठ्या पुरतील. शहापूरच्या मागावरचे पातळ, गोकाकची लाकडी खेळणी, खानापूरच्या मातीची भांडी तेथे सुखाने शेजारी बसतील. घाई आहे ती निराळ्याच कारणाने. दर दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात. पितळेच्या लोट्याला मोडीत निदान भाव येतो. बुरुडाने विणलेले सूप बंबात जाते.