आरमार आणि दप्तर

पालीसारख्या गावी आरमाराविषयी बोलावयाचे ठरले, हे ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. बालाघाटच्या कुशीतले हे गाव. येथले मोठे पाणी म्हणजे बिंदुसरेचे धरण. समुद्र पाहावयाचा तर सह्याद्री उतरून पलीकडे जावे लागते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि त्या राज्याला अखेरच्या काळात किनाराच उरला नव्हता. त्यामुळे आमच्या आजोबा-पणजोबांनी घोडदळाच्या गोष्टी ऐकल्या, जहाजांच्या ऐकल्या नाहीत. गोदाकाठचे राक्षसभुवन आम्हांस ठाऊक आहे. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाचा तेथे पराभव केला, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्याआधी अवघी सात वर्षे, १७५६ साली, विजयदुर्गाच्या पाण्यात मराठ्यांचेच एक आरमार जळून खाक झाले, आणि ते जाळण्यास मराठ्यांच्याच प्रधानाने परक्यांना हाताशी धरले होते, ही गोष्ट घाटावर फारशी कोणी सांगत नाही. त्या आगीचे कारण शोधू लागलो की आम्ही एका जुन्या आणि अवघड प्रश्नाशी येतो. समुद्रावर लढणाऱ्या माणसांवर जमिनीवर बसून लिहिणाऱ्या माणसांनी हुकूम चालवावा काय, आणि चालवावा तर कसा?

प्रथम शिवछत्रपतींच्या काळाकडे पाहू. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी जहाजे बांधण्यास आरंभ केला. १६६४ साली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आरमारावर दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान असे अनुभवी लोक नेमले गेले. समुद्राची विद्या त्यांची. ती महाराजांनी त्यांच्याकडून हिरावून घेतली नाही. पण आरमाराला लागणारा पैसा, धान्य आणि सामान यांची जबाबदारी मुलकी सुभेदारांवर होती. म्हणजे तरवार एकाच्या हाती आणि कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती, अशी ती व्यवस्था होती.

अशा व्यवस्थेत काय बिघडू शकते, हे १६७५ च्या जानेवारीतल्या एका पत्रावरून कळते. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी पद्मदुर्ग उभा राहत होता. त्याच्या मदतीस गेलेल्या आरमाराला पैसा व धान्य पोचवावे, असा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला गेला होता. त्याने तो पाळला नाही. तेव्हा महाराजांनी त्याला जे पत्र लिहिले ते आजही वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आणते. रसद अडवून तू शत्रूचेच काम करतोस, त्याच्याकडून तुला काही मिळाले की काय, आणि तू ब्राह्मण आहेस म्हणून तुझी गय केली जाईल असे समजू नकोस, असा त्या पत्राचा आशय आहे. पत्राचा रोख कोणावर आहे पाहा. सरदार मोकाट सुटला म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. कारकून हलला नाही म्हणून ते लिहिलेले आहे. आरमारावर मुलकी सत्तेचा अंकुश असावा असे आपण सहज बोलतो. पण अंकुश ज्याच्या हाती, हत्तीच्या चाऱ्याची जबाबदारीही त्याचीच, हे त्या पत्रातले खरे तत्त्व आहे.

याच सुमारास इंग्लंडात काय चालले होते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. तेथे १६६० साली सॅम्युएल पेपिस नावाचा एक तरुण आरमाराच्या कचेरीत लागला. तो शिंप्याचा मुलगा. ना खलाशी, ना लढवय्या. हिशेबाच्या वह्या समोर आल्या तेव्हा आपल्याला पाढे येत नाहीत हे त्याच्या ध्यानी आले, आणि १६६२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, एका जहाजावरच्या माणसाला गुरू करून तो पहाटे उठून पाढे पाठ करू लागला. लाकूड, दोर, डांबर, शिडाचे कापड यांचे भाव तो शिकला. पण एकट्याच्या उद्योगाने खाते सुधारत नाही. राजाच्या तिजोरीत पैसा नव्हता, खलाशांचे पगार थकले होते, आणि खर्च वाचवण्यासाठी मोठी जहाजे बंदरातच बांधून ठेवली होती. १६६७ साली डच लोक थेट नदीच्या मुखातून आत आले व चॅटमपाशी बांधलेली ती जहाजे त्यांनी जाळली. पगार बुडालेले काही इंग्रज खलाशी डचांच्या जहाजांवर चाकरीस होते, असेही नमूद आहे. म्हणजे प्रभावळीच्या सुभेदाराचा रोग लंडनलाही होता. फरक पुढे पडला. पेपिस १६७३ साली आरमारखात्याचा चिटणीस झाला. १६७७ साली त्याच्या खटपटीने असा नियम झाला की, परीक्षा दिल्यावाचून कोणालाही जहाजावर लेफ्टनंट नेमू नये, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. राजे बदलले, पेपिस गेला. नियम आणि वह्या राहिल्या. चूक दप्तरात नोंदली गेली म्हणजे पुढच्या माणसाला ती ठाऊक असते. खाते म्हणतात ते यालाच.

आमच्याकडे हा विचार सुचलाच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रामचंद्रपंत अमात्यांची म्हणून प्रसिद्ध असलेली आज्ञापत्रातली राजनीती १७१५-१६ च्या सुमाराची आहे. तीत आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे आणि त्याची बारीकसारीक व्यवस्था सांगितली आहे. एका सुभ्यात पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत, त्यांवर एक सुभा व सर्वांवर सरसुभा असावा, असे त्यात आहे. आरमाराचा खर्च सरकारी खजिन्यातून नेमून द्यावा; बंदरांचे उत्पन्न तोडून देऊ नये, कारण तसे केले म्हणजे सावकारांना उपद्रव होऊन बंदरे बुडतात, हा इशारा आहे. जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून व मोबदल्यावाचून तोडू नयेत, अशीही ताकीद आहे. समुद्र व रयत या दोहोंचा एकाच वेळी विचार करणारा हा कारभारी होता.

पण ज्या दशकात हे लिहिले गेले, त्याच दशकात प्रत्यक्ष कारभार उलट्या दिशेला गेला. कान्होजी आंग्रे हा पुरुष असामान्य होता. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या तिघांनाही त्याने पाण्यात जेर केले. शाहू महाराजांचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्याच्यावर चालून गेला, तर कान्होजीने पेशव्यालाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथाने १७१३-१४ मध्ये सामोपचाराने त्याला शाहूंच्या पक्षात आणले. कान्होजीचे सरखेलपद कायम झाले; किल्ले आणि त्यांखालचा मुलूख त्याच्याकडे राहिला. त्या वेळी याहून वेगळे काही करणे बाळाजींना शक्य होते, असे आम्हांस वाटत नाही. पण परिणाम असा झाला की, आरमाराचा खर्च खजिन्यातून न जाता बंदरांच्या आणि किल्ल्यांच्या उत्पन्नातून होऊ लागला. ज्याचे उत्पन्न त्याचे आरमार. सरखेली ही नोकरी होती, ती वतन झाली.

वतनाला वारस असतात, आणि वारसांत भांडणे असतात. १७२९ साली कान्होजी वारला. सेखोजीने चार वर्षे घर सांभाळले. तो गेल्यावर संभाजी व मानाजी हे भाऊ एकमेकांवर उठले. १७३५ साली बाजीरावांनी तोड काढली ती शेतीच्या वाटणीसारखी होती. मानाजीला कुलाबा व वजारतमाब हा किताब, संभाजीला दक्षिणेकडचे किल्ले व सरखेली. गावात दोन भावांच्या भांडणात बैलजोडीचा एकेक बैल वाटून द्यावा आणि मग औत कोणाचेच चालू नये, तसा हा न्याय झाला.

संभाजीच्या मागून तुळाजी आला. तो शूर होता आणि पेशव्यांना जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांपुढे प्रश्न उभा राहिला की, आज्ञा न मानणाऱ्या सरखेलाला दूर कसे करावे? दूर करण्याचा हुकूम काढून भागण्यासारखे नव्हते. जहाजे त्याची, खलाशी त्याचे, किल्ले त्याचे. शेवटी कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशी १७५५ च्या मार्चमध्ये करार झाला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि कान्होजीपासून वाढत आलेले ते आरमार भस्म झाले. इंग्रज काही साधू नव्हते. लुटीचे वाटे कोणाला किती, हे त्यांच्या अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरवून घेतले होते. विजयदुर्गही त्यांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबरातल्या तहानंतर, बाणकोट पदरात पडल्यावर तो पेशव्यांना मिळाला. तुळाजी उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिला. आणि वॉटसन व क्लाइव्ह? ते त्याच वर्षी बंगालकडे गेले. १७५७ साली प्लासी झाली.

नानासाहेबांना आज दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी बसून पाहिले म्हणजे दिसते की, त्यांच्या हाती सत्ता होती, खाते नव्हते. चाळीस वर्षांत आरमाराचा हिशेब पुण्याच्या दप्तरात आला नव्हता, खलाशाचा पगार पुण्याच्या खजिन्यातून गेला नव्हता. ज्या खलाशाने सरकारचे मीठ कधी खाल्लेच नाही, त्याने सरकारची आज्ञा मानावी तरी का?

पुढे पेशव्यांनी विजयदुर्गी सरकारी आरमारसुभा चालवला. माधवरावांच्या काळापासून आनंदराव धुळप त्यावर होते. ती व्यवस्था पहिल्यापेक्षा बरी होती. तरी तिचा कच्चेपणा १७८३ साली उघड झाला. सालबाईच्या तहाने इंग्रजांशी लढाई मिटली होती. एप्रिलात धुळपांच्या आरमाराने इंग्रजांचे रेंजर नावाचे जहाज निकराने लढून पकडले. लढाई मर्दुमकीची झाली. पण ती तह झाल्यानंतरची. तहाची बातमी आपणांस नव्हती, असे आरमाराकडून सांगण्यात आले. जहाज परत द्यावे लागले. लढणाराची मर्दुमकी आणि राज्याचे धोरण यांच्यामध्ये जो कागद वेळेवर पोचावा लागतो, तो पोचवणे हे मुलकी खात्याचे काम आहे.

आता आजच्या काळाकडे वळू. १९५० साली आपले आरमार भारतीय नौदल झाले. १९५५ साली सरसेनापती हे पद कायद्याने गेले व नौदलप्रमुख हे पद आले. १९५८ साली रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते, आणि नौदलाचा खर्च लोकसभा मंजूर करते. १९६२ साली संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेलेले यशवंतराव चव्हाण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. तेथूनही समुद्र दिसत नाही, पण तिन्ही दले त्यांच्या खात्याखाली होती.

या व्यवस्थेची कसोटी १९९८ साली लागली. एका वरिष्ठ नेमणुकीवरून नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत व सरकार यांच्यात वाद झाला आणि ३० डिसेंबरला सरकारने त्यांना पदावरून दूर केले. न्याय कोणाच्या बाजूला होता, याविषयी जाणत्या माणसांत तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. आम्ही येथे निवाडा देत नाही. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, १७५६ साली एका सरखेलाला दूर करण्यासाठी परक्यांचे आरमार आणावे लागले आणि आपले जाळावे लागले. १९९८ साली ते काम एका कागदाने झाले आणि नौदल नव्या प्रमुखाच्या हाताखाली आपल्या कामाला लागले. खाते असणे आणि नसणे यांतला हा फरक आहे.

याच्या उलट मार्गही जगाने पाहिला. जपानात १९०० साली असा नियम झाला की, सैन्याचा व आरमाराचा मंत्री चाकरीत असलेला सेनानीच असावा. तो नियम १९१३ साली सैल झाला व १९३६ साली पुन्हा आवळला. मंत्री द्यावयाचे नाकारले की मंत्रिमंडळच कोसळे. त्या देशाची पुढे काय गत झाली ती सर्वांस माहीत आहे.

पण कागदाने प्रमुख बदलता येतो म्हणून कागद धरणारांनी निश्चिंत होऊ नये. विक्रांत ही विमानवाहू नौका घ्या. २००९ साली कोचीला तिचा कणा घातला, २०१३ साली ती पाण्यात उतरली, २०२२ साली नौदलात आली. तेरा वर्षांत सरकारे बदलली, मंत्री बदलले. मध्येच कोणा टेबलावर कागद अडून राहिला, तर पुढच्या पिढीच्या खलाशाला जुन्या जहाजावर जावे लागते. तेथे कोणी जिवाजी विनायक बसलेला नाही ना, हे पाहणे प्रजेचे काम आहे. २०२० पासून तिन्ही दलांचा एक प्रमुख नेमून संरक्षण मंत्रालयात लष्करी व्यवहारांचा वेगळा विभाग केला गेला. लिहिणारा व लढणारा यांनी एका छपराखाली बसावे, असा तो प्रयत्न आहे. त्याचे फळ काय येते, हे डोळे उघडे ठेवून पाहावे.

२०२२ सालीच नौदलाने नवे निशाण घेतले. त्यावरची अष्टकोनी आकृती शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतली आहे, याचा आम्हां सर्वांना अभिमान वाटला. पण मुद्रा ही कागदावर उठवायची वस्तू आहे. तरवारीला मुद्रा लागत नाही. हुकुमाला, हिशेबाला, रसदेच्या चिठ्ठीला लागते. १६७५ चे ते पत्र ज्या सत्तेने लिहिले ती सत्ता तेव्हा एका राजाच्या हाती होती. आज ती मतपेटीतून निघते, आणि पालीचा कापूस पिकवणारा शेतकरीही तिचा भागीदार आहे. समुद्र त्याने पाहिला नसेल. पण जहाजाचा पैसा तोही देतो, आणि त्या पैशाचा जाब विचारण्याचा अधिकार त्याचाही आहे. तो त्याने विचारावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.